मातृभाषेचा रकाना

१

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता सुरुची शेवडेचं दार फोडावं लागलं.

बुधवारी ती बँकेत गेली नव्हती. बरोबर काम करणारी मैत्रीण काळजीने घरी आली. तिने हाका मारल्या, फोन लावला. फोन आत वाजत राहिला. मग खालचे घरमालक आणि शेजारचे दोघे वर आले आणि त्यांनी कडी तोडली. फार उशीर झाला होता. सत्तावीस वर्षांची सांगलीची पोरगी, अलीगंजात वरच्या मजल्यावर एकटी राहणारी. चिठ्ठी नव्हती. फोनवर न उचललेले एकशे बारा कॉल होते, त्यातले तीन आईचे आणि बाकी सगळे अनोळखी नंबरांचे.

हे अनोळखी लोक कुठून उगवले, ते शोधायला पोलिसांना पाच मिनिटंही लागली नाहीत. मंगळवारी दुपारी ‘अलीगंज की खिड़की’ नावाच्या पेजवर सुरुचीचा फोटो आला होता आणि त्याखाली मजकूर होता:

‘होली पर ज़रा-सा रंग क्या लग गया, मैडम ने पूरे मोहल्ले को नक़्शे पर बदनाम कर दिया! ये हैं हॉल वाले चौराहे की “पीड़िता”, सुरुची जी, बैंक वाली। पहचान लीजिए।’

लोकांनी पहचान घेतली. संध्याकाळपर्यंत कुणी तिचा नंबर टाकला, कुणी शाखेचं नाव टाकलं, आणि बुधवारी दोन महाभाग तिच्या गॅलरीखाली उभे राहून व्हिडिओ काढत होते. खाली हजारो जण हसत होते. हसणाऱ्यांत एकानेही सुरुचीला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

नक्शा म्हणजे ‘बेख़ौफ़ नक़्शा’ नावाची वेबसाइट. लखनौमधल्या कुठल्याही बाईला आपल्याला कुठे त्रास झाला ते तिथे नोंदवता यायचं. नावं आणि फोन नंबर एका कुलूपबंद तक्त्यात राहायचे. नावं काढलेल्या नोंदींची फाइल मात्र दर महिन्याला सगळ्यांसाठी खुली व्हायची. पत्रकार घ्या, विद्यार्थी घ्या, नगरसेवक घ्या, कुणीही उतरवून घ्यावी. हे सगळं बांधलं होतं यश घैसासने. वय चोवीस, नोकरी खासगी कंपनीत, आणि नक्शाचं काम फावल्या वेळात, फुकट.

पोलिसांचा हिशेब सरळ होता. नाव कुलपात होतं, किल्ली यशकडे होती, नाव बाहेर आलं. त्यातून सुरुचीच्या फोनमध्ये मागच्या आठवड्यातला एक निरोप सापडला. ‘यश, माझी नोंद काढून टाक ना प्लीज.’ आणि यशचं उत्तर: ‘एक की हटाऊँगा तो सब हटवाएँगे। डरो मत, नाम कहीं नहीं है।’

आणखी काय हवं? गुरुवारी दुपारी यशचा लॅपटॉप गेला आणि त्याच्या मागोमाग यशही गेला.

२

शुक्रवारी सकाळी उल्हास घैसास पद्माताईंच्या दारात उभे राहिले. रेल्वेत इंजिनियर, बोलायला एरवी मोजून-मापून. पण त्या दिवशी शर्टाची बटणं वरखाली लागली होती आणि ते त्यांना कळलंही नव्हतं.

“पद्माताई, उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर अटक दाखवणार म्हणतात. त्याची आई असती तर... मला काही सुचत नाही हो. तुम्हीच त्याच्याबरोबर त्या नक्शाच्या फॉर्मचं काम केलंत. तुम्हीच सांगा, माझा यश असं करेल?”

“आत या आधी. बटणं नीट लावा,” पद्माताई म्हणाल्या.

पद्मा खांबेटे चार वर्षांपूर्वी सरकारी सर्वेक्षणाच्या नोकरीतून निवृत्त झाल्या. चौतीस वर्षं दारोदार फिरून माणसं मोजली. कुठल्या तपासनिसाने घराघरात जाऊन माहिती लिहिली आणि कुणी झाडाखाली बसून मनाने भरली, हे त्या कागद बघून सांगायच्या. खऱ्या माणसाला वय विचारलं तर तो पन्नास म्हणतो, साठ म्हणतो. मनाने भरणारा मात्र त्रेपन्न आणि सत्तावन्न लिहितो, कारण ते वाचणाऱ्याला खरं वाटावं अशी त्याची इच्छा असते. असल्या गोष्टींत त्यांचं नाक तीक्ष्ण होतं आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता, तो का लपवा?

पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर नयना श्रीवास्तव भेटली. तिशीची, झोप न झालेली, पण ऐकून घेणारी. तिने यशला बाकावर बोलावलं. पोरगा एका दिवसात उतरला होता.

“मावशी, मैंने नहीं किया,” तो म्हणाला. मराठी त्याला सगळी कळायची, पण तोंडातून हिंदीच यायची. “उसने कहा था हटा दो। मैंने नहीं हटाया। वो मेरी ग़लती है। पर नाम मैंने नहीं दिया।”

“ते राहू दे आता. फाइल खुली करताना तू नावाखेरीज आणखी काय काय बदलतोस?”

“जगह नज़दीकी चौराहे पर सरका देता हूँ। और तारीख़ तीन दिन तक आगे-पीछे। आपको बताया तो था। फ़ाइल के साथ लिखा भी रहता है, पर वो कोई पढ़ता नहीं।”

पद्माताईंनी नयनाकडे वळून सांगितलं, “बेटा, वो ताले वाली तालिका खुलवाओ। असली तारीख़ देखनी है।”

लॅपटॉप आला. खुल्या फाइलीत सुरुचीच्या नोंदीपुढे तारीख होती १४ मार्च, म्हणजे होळीचा दिवस. कुलपातल्या तक्त्यात तीच नोंद होती ११ मार्चची. बँकेतून येताना ई-रिक्षातून मराठी मंडळाच्या हॉलच्या चौकाजवळ उतरली, शेजारी बसलेल्या माणसाने अंगाला हात लावला, माणूस अनोळखी. बस्स, एवढंच.

“आणि होळीला सुरुची लखनौत नव्हतीच,” पद्माताई हळूहळू म्हणाल्या. “सांगलीला गेली होती, आईकडे. बारा तारखेची गाडी होती तिची.”

नयनाने मान वर केली. तिला मराठीतलं निम्मं कळलं, पण तेवढं पुरलं. ज्याने ‘होली पर रंग’ असं लिहिलं, त्याने कुलूपबंद तक्ता कधी बघितलाच नव्हता. यशने लिहिलं असतं तर अकरा तारीख आली असती. ज्याने हात लावला त्या माणसालाही दिवस माहीत होता, म्हणजे तोही नव्हे. लिहिणाऱ्याच्या हातात फक्त खुली फाइल होती.

“पर आंटी, उस फ़ाइल में तो नाम ही नहीं है,” नयना म्हणाली. “बिना नाम की फ़ाइल में से किसी ने नाम निकाला कैसे?”

पद्माताईंनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. वयोगट पंचवीस ते एकोणतीस. अलीगंज. हॉलचा चौक. १४ मार्च. आणि शेवटचा रकाना, मातृभाषा: मराठी.

त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. तो रकाना त्यांचाच होता.

३

फॉर्म तयार होत होता तेव्हा यशने विचारलं होतं, “मावशी, भाषा की ज़रूरत है क्या?” आणि पद्माताई म्हणाल्या होत्या, “अरे, चौतीस वर्षांत मातृभाषेचा रकाना नसलेला फॉर्म मी पाहिला नाही. भाषेशिवाय माणूस मोजला असं म्हणतात होय?” खरं कारण वेगळंच होतं. गोमतीकाठ मराठी मंडळात दर सभेला एकच रडगाणं असायचं: या शहरात आपल्याला कुणी मोजतच नाही. बँकेत बदली होऊन येतो, रेल्वेत येतो, दहा वर्षं राहतो आणि जातो, कुणाच्या खिजगणतीत नाही. पद्माताईंना वाटलं, निदान या एका कागदावर तरी आपण दिसू.

दिसलो की! हिंदी-उर्दूच्या हजारो ओळींत मराठीची एक ओळ उठून दिसली.

आणि ती दाखवलीही त्यांनीच. मागच्याच आठवड्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याच्या डाळीच्या पातेल्याशेजारी लॅपटॉप मांडून त्यांनी मंडळातल्या बायकांना हौसेने शिकवलं. “हे बघा, इथे मराठी निवडायचं, इथे अलीगंज. झालं! बाकीच्या ओळी जातात.” बाकीच्या ओळी गेल्या आणि एकच उरली. “अगं बाई, ही कोण आपल्यातली?” कुणीतरी हसून म्हणालं, आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अलीगंजात राहणाऱ्या, पंचविशी उलटलेल्या आणि तिशीच्या आतल्या अशा आपल्यात किती? बोटं मोजायचीही गरज नव्हती. सुरुची पन्ह्याचा ग्लास घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पद्माताई तेव्हा पुढची युक्ती दाखवण्यात गुंग होत्या. तारखा सरकवलेल्या असतात हे सांगायचंसुद्धा त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सुरुचीने यशला तो निरोप पाठवला होता.

ठाण्याच्या बाकावर बसून पद्माताईंनी पेजवरचा फोटो मोठा केला. सुरुचीच्या केसांत गजरा होता, हातात द्रोण होता आणि द्रोणात आंब्याची डाळ. फोटो त्याच दिवशीचा होता. त्या दिवशीचे फोटो फक्त एका ठिकाणी गेले होते, मंडळातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर. त्या गटात अकरा जणी होत्या, सुरुची आणि पद्माताई धरून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोलीस सगळ्या शहरात बघत होते आणि माणूस हळदीकुंकवाच्या चटईवर बसलेला होता.

“आज के दिन मुझे घूमने दो,” त्या नयनाला म्हणाल्या. “कल दोपहर तक बताती हूँ।”

४

‘अलीगंज की खिड़की’ अलीगंजात नव्हतीच, नयनाने काढून दिलेला पत्ता अमीनाबादचा होता. कापडाच्या दुकानावरच्या खोलीत जयसिंग नावाचा चाळिशीचा गृहस्थ दोन फोन आणि एका पंख्याच्या जोरावर ते पेज चालवायचा. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली, मग चिकनकारीच्या कुर्त्यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत पद्माताई वर गेल्या.

“मैंने तो बस डाला है, माताजी,” जयसिंगने सुरुवातीलाच हात वर केले. “लोग पढ़ें तो मैं क्या करूँ?”

“लड़की मर गई है।”

“मालूम है। अफ़सोस है।” त्याने डोळे चुकवले. “रोज़ दस लोग दस चीज़ें भेजते हैं। किस-किस की जाँच करूँ?”

“जाँच दरोगाजी करेंगी, शाम तक आती होंगी। मुझे बस इतना बता दो, होली वाली बात तुमने जोड़ी या भेजने वाले ने लिखी थी?”

जयसिंगने थोडा विचार केला. पोलीस येण्याआधी एखादी म्हातारी आपल्या बाजूला असलेली बरी, एवढा हिशेब त्याला जमत होता. त्याने फोन पुढे केला. निरोप नव्या खात्यावरून आला होता, मंगळवारी दुपारी बारा वाजता, आणि खातं संध्याकाळी बंदही झालं होतं. मजकूर जसाच्या तसा उतरवलेला. होळी, रंग, चौक, सगळं पाठवणाऱ्याचं. जयसिंगने फक्त शेवटी ‘पहचान लीजिए’ जोडलं होतं.

“वो दो लफ़्ज़ मेरे हैं,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

पद्माताई निघता निघता थांबल्या. निरोपाच्या शेवटी आणखी एक ओळ होती, ती जयसिंगने छापली नव्हती. ‘इसके बाद ये ख़ुद ही शिकायत वापस ले लेगी।’

म्हणजे पाठवणाऱ्याला सुरुची मरायला नको होती. तिने तक्रार मागे घ्यायला हवी होती. पण तक्रार तर एका अनोळखी माणसाविरुद्ध होती. तिचं भय अलीगंजात कुणाला वाटावं?

५

तिचं भय वाटावं असा एक माणूस पद्माताईंना माहीत होता.

निरंजन पारसनीस, मंडळाचे सेक्रेटरी. सरकारी कंपनीत मोठे अधिकारी, गणपतीत आरतीला पुढे, भाषणात पुढे. आणि रंगपंचमी असो की सहल, कोजागिरी असो की नाटकाची तालीम, यांचा हात बाईच्या खांद्यावरून उशिरा निघायचा. दोन-तीन जणी त्यांच्या शेजारची खुर्ची टाळायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं, पद्माताईंनाही. पण बोलणार कोण? आपलेच दात, आपलेच ओठ. परक्या गावात चार घरं मराठी, त्यात कुठे तमाशा करायचा, असं म्हणत त्यांनीही गेली सहा वर्षं खुर्ची बदलून काम भागवलं होतं.

यशचा एक दिवस संपत आला होता. शुक्रवारी उन्हं उतरताना त्या पारसनीसांच्या घरी पोचल्या. लतिकाने दार उघडलं. लतिका पन्नाशीची, व्यवस्थित, बँकेत हिशेब तपासणारी. मुलगी वेदिका शेजारच्या खोलीत कॉलेजचं काहीतरी वाचत होती.

“फार वाईट झालं हो सुरुचीचं,” निरंजन म्हणाले. “मंडळातर्फे शोकसभा ठेवतोय रविवारी. त्या घैसासांच्या मुलाने असं करावं! इतकी शिकलेली मुलं!”

“होळीबद्दल विचारायचं होतं,” पद्माताई सरळच म्हणाल्या. “मंडळाच्या होळीला तुमचं आणि सुरुचीचं काही बोलणं झालं होतं का?”

निरंजनचा चेहरा आक्रसला, पण गोंधळला नाही. “होळीला? अहो, ती कुठे होती होळीला? सांगलीला गेली होती. तुम्हीच नाही का म्हणालात, की सुरुची नाही म्हणून यंदा पुरणपोळ्या विकतच्या आणल्या?”

हे खरं होतं. होळीला हॉलवर जे जे होतं, त्या प्रत्येकाला विकतच्या पोळ्यांपायी सुरुचीची आठवण झाली होती.

“नव्हती?” लतिका म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन मधल्या दारात उभी होती. आवाज अगदी साधा होता, पण चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत पार ओठांपर्यंत गेला.

“होळीला नव्हती ती इथे?” तिने पुन्हा विचारलं.

“तू कानपूरला होतीस ना, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला,” निरंजन वैतागून म्हणाले. “तुला कसं माहीत असणार? चहा दे.”

पद्माताईंनी चहा घेतला. कसा झाला होता ते त्यांना नंतर आठवेना.

६

शनिवारी साडेअकराला निरंजन शोकसभेच्या तयारीला हॉलवर गेले आणि वेदिका क्लासला गेली, तेव्हा पद्माताई पुन्हा त्या दारात होत्या. लतिकाने काही न विचारता आत घेतलं. रात्रभर जागी असावी.

“मी बोलते, तू ऐक,” पद्माताई म्हणाल्या. “चुकलं तर सांग. ज्याने तो निरोप पाठवला त्याच्याजवळ हळदीकुंकवाचा फोटो होता, म्हणजे आपल्या अकरा जणींपैकी कुणीतरी. तिला वाटत होतं की सुरुचीला होळीच्या दिवशी त्रास झाला, कारण मी दाखवलेल्या फाइलीत तीच तारीख होती. ती तारीख खोटी आहे, यश मुद्दाम सरकवतो. मी सांगायला विसरले. आता, होळीला हॉलवर आलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं की सुरुची गावात नाही. ती यावर विश्वास ठेवूच शकत नाही. मग ठेवला कुणी? जी स्वतः होळीला नव्हती तिने. अकरा जणींत अशा दोघीच, लतिका. एक सुरुची. ती गेली.”

लतिका खाली बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“मंगळवारी मी रजेवर होते,” ती शेवटी म्हणाली. “वेदिकाला बघायला येणार होते पुण्याचे लोक, त्याची तयारी. सारखं डोक्यात तेच. मराठी, हॉलचा चौक, होळी. मला वाटलं, आज नुसती ओळ आहे, उद्या ही नाव घेईल. पद्माताई, मला तिला मारायचं नव्हतं हो! देवाशप्पथ सांगते. नुसती घाबरावी, गप्प बसावी, एवढंच. दोन दिवस लोक बोलतील आणि विसरतील असं वाटलं. बुधवारी मी ते पेज बघत होते... थांबवावं कसं तेच कळेना. खातं बंद केलं. आणखी काय करू शकत होते मी?”

“फोन करू शकत होतीस तिला. दोन गल्ल्या पलीकडे राहायची.”

लतिका रडायला लागली. पद्माताईंनी पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्यांना त्या क्षणी तिची दया येत नव्हती आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

“एक विचारते,” त्या म्हणाल्या. “त्या ओळीत कुणाचंच नाव नव्हतं. चौकातून दिवसाला हजार माणसं जातात. ते निरंजनच, असं तुला का वाटलं?”

लतिकाने पदराने डोळे पुसले. मग एकेक शब्द आला. भोपाळला शेजारची मुलगी शिकवणीला यायची, ती यायची बंद झाली. नाशकात कामवाली होती. आणि तिच्या स्वतःच्या मावसबहिणीची मुलगी, चौदा वर्षांची, सुट्टीला आली होती. तिला चौथ्या दिवशी गाडीत बसवून दिलं. प्रत्येक वेळी लतिकानेच मिटवलं. प्रत्येक वेळी पोरीलाच खोटं पाडून.

“सवय झाली होती,” ती म्हणाली.

“सुरुचीच्या खऱ्या नोंदीत काय आहे ते सांगते. अकरा मार्च. ई-रिक्षा. अनोळखी माणूस.”

लतिकाने मान वर केली. ती पद्माताईंकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी थांबलं होतं.

“म्हणजे,” ती म्हणाली, “या वेळी हे नव्हते?”

पद्माताई उठल्या आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागल्या.

“तिकडे यशला आज संध्याकाळी अटक करणार आहेत,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “चोर सोडून संन्याशाला सुळी. उल्हासरावांचा एकुलता एक पोरगा. तू येतेस की मी नयनाला इथे बोलावू? वेदिका अडीचला येते ना?”

लतिकाने फोन पिशवीत टाकला. देवघरासमोर क्षणभर थांबली, पण हात जोडले नाहीत. तिने कुलूप लावलं.

७

जबाब तीन वाजेपर्यंत चालला. लतिकाने सगळं सांगितलं, खात्याचा पासवर्डसुद्धा. जयसिंगला बोलावणं गेलं. नयनाने निरंजनबद्दल विचारलं तेव्हा लतिका म्हणाली, भोपाळ, नाशिक, सगळं लिहून घ्या. नयनाने लिहून घेतलं, पण पेन ठेवताना तिने पद्माताईंकडे बघून मान हलवली. त्या पोरींपैकी कुणी बोलेल तरच ना? आणि बेख़ौफ़ नक़्शावर निरंजन पारसनीस या माणसाची एकही नोंद नव्हती. मंडळातल्या कुणी कधी केलीच नव्हती.

यश बाहेर आला. उल्हासरावांनी त्याला धरलं आणि भर ठाण्यात, बाकावर बसलेल्या चार अनोळखी लोकांसमोर ते हुंदके देऊन रडले. यश मात्र वडिलांच्या खांद्यावरून पद्माताईंकडेच बघत होता.

“पुलिस के सामने ही साइट बंद कर दी मैंने,” तो म्हणाला. “फ़ाइलें भी हटा दीं। पर जिन्होंने उतार ली हैं उनके पास तो रहेंगी ना, मावशी?”

“राहतील,” पद्माताई म्हणाल्या.

“वो कॉलम...”

“तो माझा. तू नको म्हणाला होतास.”

“जोड़ा तो मैंने ही।” त्याने तोंड पुसलं. “और उसने हटाने को कहा था।”

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबली आणि सुरुचीची आई आली. दोन दिवसांचा प्रवास, बरोबर भाऊ, हातात पाण्याची रिकामी बाटली. सांगलीत बालवाडी चालवलेल्या बाई. नयनाने उठून खुर्ची दिली, दोन वाक्यं बोलली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही तेव्हा तिने पद्माताईंचा हात धरला.

“आंटी, आप ही बता दीजिए। मेरी बात ये समझ नहीं पा रहीं। काग़ज़ में जितना है उतना ही बता दीजिए।”

कागदात लतिकाचं नाव होतं आणि जयसिंगचं. पद्मा खांबेटे हे नाव त्यात कुठेच नव्हतं. नयनाला त्याची गरज पडली नव्हती, यश बोलणार नव्हता, आणि मंडळातल्या बायका तर मुळीच बोलणार नव्हत्या.

“तुम्ही पद्माताई ना?” सुरुचीची आई म्हणाली. मराठी ऐकायला मिळणार या नुसत्या कल्पनेनेच तिचे खांदे थोडे सैल झाले होते. “सुरू सांगायची फोनवर. जागा बघत होती तेव्हा मीच म्हटलं, लांब कुठे जाऊ नको, मंडळाच्या जवळ घे. परका मुलूख, आपली माणसं हाकेच्या अंतरावर हवीत.” तिने बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. “कुणी केलं हो हे? इथल्याच लोकांपैकी असणार ना कुणीतरी?”

पद्माताईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्यापैकी. दोघी आहोत. पहिली मी.”